नुसता माळ!

दिवाळीला पाहुण्यांना द्यायला टॉवेल घ्यावेत म्हणून परवा सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गेलो होतो. मागांचा खडखडाट असा, की बोलायचे तर कानाशी लागावे लागते. बाहेर चहाच्या टपरीवर एका वृद्ध विणकराला सहज विचारले, “मामा, कारखाने व्हायच्या आधी इथं काय होतं हो?”

“काही नव्हतं साहेब. नुसता माळ होता.”

ते ‘नुसता माळ’ मनातून जाईना. कारण सोलापूरपासून जेमतेम वीस किलोमीटरांवर, नान्नजला, अशाच नुसत्या माळाचे १९७९ साली अभयारण्य झाले; आणि तेही वाघासाठी नव्हे, एका पक्ष्यासाठी. तो पक्षी म्हणजे माळढोक.

उंची मीटरभर, नराचे वजन चौदा-पंधरा किलोंपर्यंत. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य, त्याला काहीही चालते. विणीच्या दिवसांत नर गळ्याची पिशवी फुगवून असा घुमतो, की दूरवर ऐकू जावे. संसार मात्र एकट्या मादीचा! घरटे नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे, आणि ते जवळजवळ चार आठवडे तीच उबवते. कुत्र्याने ते पळवले किंवा गुरांच्या खुराखाली गेले, की बहुधा वर्ष वाया.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. समोरची तार उशिरा दिसते आणि जड अंगाला ऐनवेळी वळता येत नाही. ज्या विजेवर आपले माग चालतात, तिच्याच तारांवर आदळून तो मरतो.

आज देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते! २०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात अंडी उबवून पिले वाढवण्याचे काम चालू आहे. पण वाढलेली पिले सोडायची कुठे? रिकामी जमीन म्हणून आपण माळ नांगरले, तारा ओढल्या. पुण्य म्हणून झाडे लावली, तीही गवताच्या मुळावर आली. दाट झाडीत माळढोक राहत नाही.

रविवारी चिरंजीवांना घेऊन नान्नजच्या वाटेला लागलो. खिडकीतून बघत त्याने विचारले, “बाबा, तिथं काय आहे?”

‘काही नाही’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

“माळ आहे,” मी म्हटले. “चल, उतरून बघू.”