इंजिन कुणाचे, जोखीम कुणाची?

नारायणगावहून पुण्याच्या मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट पोचविणाऱ्या एखाद्या टेंपोमालकाची कल्पना करावी. टेंपो कर्जाचा, चालक तोच, आणि वेळप्रसंगी हमालही तोच. वॉरंटी शाबूत ठेवायची तर सर्व्हिसिंग अधिकृत विक्रेत्याच्याच कार्यशाळेत करून घ्यावे लागते, ही कर्जाच्या हप्त्याइतकीच न टळणारी अट. त्याप्रमाणे गाडी कार्यशाळेत जाते, इंजिनातले जुने तेल काढून नवे भरले जाते, आणि घाईत चेंबरच्या तळाचा बोल्ट पुरता आवळायचा राहून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे राजगुरुनगरच्या आसपास समोरच्या पट्टीवर तेलाचा लाल दिवा लागतो. गाडी कडेला घेऊन तो खाली उतरतो तेव्हा मागे रस्त्यावर तेलाची काळी रेघ उमटलेली असते.

फोन केल्यावर कार्यशाळेचा माणूस येतो. बोल्ट आवळतो, नवे तेल ओततो, इंजिन सुरू करून दाखवितो आणि सांगतो, “आता काही काळजी नाही दादा, बिनधास्त चालवा.” व्यवस्थापक सौजन्याने बोलतो. तेलाचे पैसे तर नाहीतच, शिवाय पुढच्या सर्व्हिसिंगच्या मजुरीतही सवलत. एका छापील कागदावर ‘काम समाधानकारक’ अशी सही घेतली जाते. प्रकरण मिटले असे टेंपोमालकाला वाटते. वस्तुतः त्या सहीने त्याने काय विकले याची त्याला कल्पना नसते.

इंजिनातला क्रँक बेअरिंगवर फिरतो असे आपण म्हणतो खरे; पण तो फिरतो तेलाच्या पातळ थरावर. केसाहूनही पातळ असलेला हा थर दाबाखाली टिकून असतो तोवर धातूला धातू घासत नाही. दाब गेला की बेअरिंगवरचा मऊ धातूचा लेप खरवडला जाऊ लागतो. हे इंजिन लगेच बंद पडेलच असे नाही. ते त्या दिवशी चालेल, कदाचित चार महिने चालेल, आणि मग एखाद्या घाटात भरल्या गाडीनिशी आवाज करू लागेल आणि जॅम होईल. तेव्हा कार्यशाळेचे उत्तर ठरलेले असते. त्या घटनेला आता किती महिने झाले, गाडीवर भार किती होता, दिवा लागल्यावर चालकाने गाडी किती अंतर पळविली, कोण सांगणार? आणि ‘काम समाधानकारक’ असे तर त्यानेच लिहून दिलेले आहे.

म्हणजे खरा वाद सांडलेल्या तेलाचा नाहीच. त्याची किंमत विक्रेता हसतमुखाने सोडून देतो, कारण ती किरकोळ आहे. चूक घडताच जन्माला आलेली, पण अद्याप न दिसणारी भावी नुकसानीची जोखीम कुणी वाहायची, हा वादाचा विषय आहे. विक्रेत्याच्या सौजन्यात दिसणाऱ्या नुकसानीची भरपाई असते आणि न दिसणाऱ्या नुकसानीचे गुपचूप हस्तांतर असते. ज्याच्यापाशी यंत्रे, माहिती, विमा आणि वकील आहेत त्याच्याकडून ती जोखीम, हप्ता भरून हातात फारसे काही न उरणाऱ्याकडे जाते.

बाजारपेठेची पूजा बांधणाऱ्या अर्थशास्त्राला हा दोष ठाऊक नाही असे नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला वस्तूचे गुणदोष माहीत आणि घेणाऱ्याला नाहीत, अशा ठिकाणी बाजार सचोटीला बक्षीस देत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली पुढचे पाऊल टाकले. काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही त्या नीट मिळाल्या की नाही हे घेणाऱ्याला कळत नाही. वाहनदुरुस्ती त्यांतलीच. अशा व्यवहारात ‘ग्राहक राजा आहे’ हे वाक्य निव्वळ थट्टा ठरते. राजाला बोनेटखाली काय चालले आहे ते दिसत नाही.

दुसरीकडे जावे म्हटले तर तीही वाट मोकळी नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यानंतर अपिले झाली, आणि दंडाची रक्कम हा वकिलांचा विषय बनला. पण ग्राहकाला एकाच दारात बांधून ठेवण्याची पद्धत त्या आदेशाने उघड्यावर आणली. गंमत अशी की बांधून ठेवताना विक्रेता ‘कंपनीचा अधिकृत’ असतो आणि चूक झाली की कंपनी म्हणते, तो स्वतंत्र व्यापारी, त्याच्या कामाशी आमचा काय संबंध?

महाराष्ट्रातील समाजवाद्यांना ग्राहकाचा प्रश्न परका नव्हता. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्या ग्राहक म्हणूनच उतरल्या होत्या. पुढे ग्राहक चळवळ ही सुखवस्तू मंडळींची तक्रारवही आहे अशी समजूत कार्यकर्त्यांत का रुजली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. मोटारवाल्याची कुरकूर म्हणून जिच्याकडे पाठ फिरविली जाते, ती तक्रार रिक्षावाल्याची, टेंपोवाल्याची आणि ट्रॅक्टर काढलेल्या शेतकऱ्याचीही असते, एवढे येथे नोंदविणे पुरे.

कायद्याने त्यांना वाऱ्यावर सोडलेले नाही. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. व्यापारी हेतूने घेणारा ‘ग्राहक’ नव्हे असे त्यात होते. परंतु उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यातून १९९३ साली वगळण्यात आले, आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात स्वतः गाडी चालवून पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे, हे स्पष्ट केले. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेतील त्रुटीची व्याख्या अधिक व्यापक आहे. निष्काळजीपणा तर तीत आहेच, पण ग्राहकापासून महत्त्वाची माहिती हेतुतः दडविणे हीही त्रुटीच. “काही काळजी नाही” हे आश्वासन काहीही न तपासता दिले असेल, तर ते या कलमापाशी आणून उभे करता येते. तक्रार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. इंजिन बसण्याची वाट पाहत राहणारा ती स्वतःच्या हाताने खर्ची घालतो.

म्हणून पहिल्या आठ दिवसांतले वर्तन निर्णायक ठरते. दिवा लागताच इंजिन बंद करावे आणि गाडी टोचन लावूनच हलवावी. तेलाच्या रेघेची, सैल बोल्टाची, किलोमीटरच्या आकड्याची छायाचित्रे घ्यावीत. जॉब कार्डाची प्रत हाती आल्याशिवाय कार्यशाळा सोडू नये, आणि समाधानपत्रावर सही तर मुळीच करू नये. तक्रार त्याच दिवशी लेखी करावी आणि तिची प्रत कंपनीलाही पाठवावी. मागणी फुकट तेलाची नसावी. चेंबर उघडून बेअरिंग तपासा, तेलाचा दाब मीटर लावून मोजा, फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का ते मालकासमक्ष दाखवा, आणि काही न आढळल्यास अमुक मुदतीपर्यंत व अमुक किलोमीटरपर्यंत वंगणाअभावी इंजिनाला होणाऱ्या बिघाडाची जबाबदारी आमची, असे शिक्क्यानिशी लिहून द्या, एवढीच मागणी असावी. विक्रेत्याला इंजिनाची खरोखर खात्री असेल तर या कागदाला त्याचा एक पैसाही खर्च येत नाही. तो कागद द्यायला नकार देत असेल, तर “काही काळजी नाही” या शब्दांवर त्याचाच विश्वास नाही हे सिद्ध होते, आणि तो नकारही लेखी मागावा.

अडते ते तज्ज्ञाच्या अहवालावर. स्वतंत्र मेकॅनिक तोंडी सगळे सांगतो, पण कागदावर सही करायला कचरतो. उद्या त्याला सुटे भाग त्याच विक्रेत्याकडून घ्यायचे असतात. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर तालुक्यातालुक्यांत आहेत. तेथील यंत्र विभागाला माफक शुल्कात तपासणी करून आयोगापुढे ग्राह्य धरला जाईल असा अहवाल देण्याचा अधिकार शासनाने द्यावा. त्याला नव्या इमारती लागत नाहीत, नवे महामंडळ तर नकोच. पक्षाच्या जिल्हा शाखांनी ही मागणी उचलण्यासारखी आहे.

आणखी एक सावधगिरी कार्यकर्त्यांनीच बाळगायची आहे. ग्राहक संतापला की विक्रेता पहिला बळी देतो तो बोल्ट विसरलेल्या पोराचा. “त्याला काढून टाकला साहेब,” असे सांगून तो ग्राहकाचे समाधान करू पाहतो, आणि संतापाच्या भरात ते समाधान गोडही वाटते. तो पोरगा अनेकदा शिकाऊ उमेदवार असतो. १९६१ च्या कायद्याने अशा उमेदवाराला कामगारच मानलेले नाही, त्यामुळे त्याच्यापाठी संघटनाही नसते. दिवसाला इतक्या गाड्या बाहेर काढायच्या हा आकडा ठरविणारा वेगळाच असतो, ग्राहकाच्या गुणांकनावर त्याचा भत्ता टांगणाराही वेगळाच. पगारातून नुकसानभरपाई कापायची तर आधी कामगाराला म्हणणे मांडू द्यावे लागते, हा १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचा दंडक २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे. तो कार्यशाळांत पाळला जातो का, हे संघटनेच्या लोकांनी जाऊन पाहावे.

टेंपोमालकाची तक्रार लिहून देताना कार्यकर्त्याने म्हणूनच त्या पोराचे नाव घालण्याची घाई करू नये. त्या दिवशी त्या कार्यशाळेत एका माणसामागे किती गाड्या होत्या आणि बोल्ट आवळला की नाही हे पाहणारा दुसरा माणूस नेमला होता काय, हे दोन प्रश्न तक्रारीत आधी घालावेत.