एक गळा, तीन पेहराव

शनाया ट्वेन या कॅनेडियन गायिकेचा ‘अप!’ हा अल्बम नोव्हेंबर २००२मध्ये बाजारात आला, तेव्हा त्यातील १९ गाणी तीन निरनिराळ्या वाद्यमेळांत बांधलेली होती आणि त्या तीन आवृत्त्या तांबडी, हिरवी व निळी अशा रंगांनी ओळखल्या जात होत्या. तांबडी पॉपच्या चाहत्यांसाठी, हिरवी कंट्रीच्या चाहत्यांसाठी, तर निळी भारतीय चित्रपटसंगीताच्या वळणाची होती. उत्तर अमेरिकेत तांबडी आणि हिरवी अशी जोडी विकली गेली, इतर देशांत तांबडीसोबत निळी देण्यात आली. शब्द तेच, चाल तीच, गळाही तोच. बदलली ती भोवतालची वाद्ये. विक्रीची क्लृप्ती म्हणून हा प्रयोग मोडीत काढणे सोपे आहे. परंतु कंट्री म्हणजे नेमके काय, या जुन्या वादाचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक क्वचितच एखाद्या ध्वनिमुद्रिकेने दिले असेल.

कंट्री हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आणि ॲपलेशियन डोंगराळ प्रदेशात, कष्टकरी वस्त्यांची लोकगीते, चर्चमधील भक्तिगीते आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज यांच्या मिश्रणातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आलेला गानप्रकार असून, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल हे शहर त्याच्या ध्वनिमुद्रणाचे केंद्र आहे. फिडल, म्हणजे लोकधाटणीने वाजवलेले व्हायोलिन, बँजो आणि स्टील गिटार ही त्याची ओळखीची वाद्ये होत. स्टील गिटारच्या तारांवर बोटे दाबण्याऐवजी धातूची कांडी सरकवली जाते, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेने घरंगळत जाणारा तो नाद निर्माण होतो, जो मराठी श्रोत्यांच्या कानांना जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील हवाईयन गिटारमुळे परिचित आहे. अमेरिकेतील रेडिओ केंद्रे गानप्रकारांनुसार वाटलेली असल्याने कंट्रीचे केंद्र पॉप वाजवत नाही आणि पॉपचे केंद्र कंट्री वाजवत नाही. ही सीमा ओलांडून दोन्हीकडे वाजणाऱ्या गाण्याला तेथील व्यवसायात ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, आणि ट्वेनची सारी कारकीर्द या सीमारेषेवरच घडली.

१९६५मध्ये जन्मलेली ही गायिका उत्तर ऑन्टारिओतील टिमिन्स या सोन्याच्या खाणींच्या गावी वाढली. घरात दारिद्र्य असल्यामुळे ती लहानपणापासून मद्यगृहांत गाऊन चार पैसे मिळवत असे. १९८७मध्ये आई आणि सावत्र वडील मोटार अपघातात दगावल्यावर धाकट्या भावंडांचा भार तिच्यावर आला आणि हंट्सव्हिल येथील एका पर्यटननिवासातील रंगमंचावर गाऊन तिने तो पेलला. १९९३मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या अल्बममधील बहुतेक गाणी इतरांनी रचलेली होती व त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. त्याच वर्षी रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग या निर्मात्याशी तिचा विवाह झाला आणि पुढची दिशा पालटली. एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ आणि डेफ लेपर्डचा ‘हिस्टेरिया’ यांसारखे रॉकचे गाजलेले अल्बम घडवलेल्या लँगने नॅशव्हिलच्या वाद्यांना रॉकचा दणदणीत ठेका आणि थरांवर थर चढवलेले सहगायन जोडले. या जोडीच्या ‘द वुमन इन मी’ (१९९५) या अल्बमने यशाचा पाया घातला, आणि ‘कम ऑन ओव्हर’च्या (१९९७) जगभरात सुमारे ४ कोटी प्रती खपल्या.

‘अप!’मागची कल्पना खरे तर ‘कम ऑन ओव्हर’च्या वेळीच अंकुरली होती, कारण १९९८मध्ये इतर देशांसाठी त्याची जी आवृत्ती काढण्यात आली, तिच्यात फिडल आणि स्टील गिटार मागे सारून पॉपचा साज पुढे आणला होता. हे शक्य होते ते बहुपथ ध्वनिमुद्रणामुळे, म्हणजे गायकाचा आवाज आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्र पट्टीवर मुद्रित करून नंतर त्यांची सरमिसळ करण्याच्या पद्धतीमुळे. एका मायक्रोफोनभोवती गायक व साथीदार एकत्र जमत, त्या जुन्या पद्धतीत गाणे आणि त्याचा वाद्यमेळ ही एकजीव वस्तू होती. बहुपथ पद्धतीत गाणे हा सांगाडा आणि वाद्यमेळ हा पेहराव ठरतो. ‘आय ॲम गॉना गेट्चा गुड!’ हे गाणे तांबड्या तबकडीवर विद्युत गिटार आणि यांत्रिक ठेक्यावर आरूढ होऊन येते, हिरव्या तबकडीवर त्याच ओळींच्या मधल्या जागा फिडल आणि स्टील गिटार भरून काढतात, तर निळ्या तबकडीवर भारतीय तालवाद्ये त्याच चालीला वेगळाच झोल देतात. श्रोता वर्गवारी करतो ती या मधल्या जागा ऐकून.

या प्रयोगाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो, कारण निळ्या आवृत्तीतील वाद्यवृंदाचा आणि तालवाद्यांचा काही भाग मुंबईत मुद्रित झाला होता. ते अगदीच अनपेक्षित नव्हते. संगीतकाराने चाल बांधायची आणि संगीत संयोजकाने तिच्याभोवती व्हायोलिनांचे ताफे, मधले तुकडे व प्रतिसूर लिहून काढायचे, ही श्रमविभागणी मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गोव्याहून आलेल्या अँथनी गोन्साल्विस आणि सबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच रुळवली होती. चालीला पेहराव चढवणे हा स्वतंत्र हुन्नर आहे, हे या शहराला जितके आधीपासून ठाऊक होते, तितकेच त्या कारागिरांची नावे श्रेयनामावलीतून वगळण्याचेही तेथे अंगवळणी पडले होते.

ट्वेनची गाणी खरी कंट्री नव्हेत, असा आक्षेप नॅशव्हिलच्या परंपरानिष्ठांनी वारंवार घेतला. तो निव्वळ वाद्यांपुरता असेल तर हिरवी तबकडी त्याला पुरेसे उत्तर देते. खरी उणीव वाद्यांत नसून शब्दांत आहे. लोरेटा लिनचे ‘कोल मायनर्स डॉटर’ (१९७०) हे गाणे केंटकीतील एका विशिष्ट कोळसा-खोऱ्यात, एका विशिष्ट झोपडीत घडते, आणि डॉली पार्टनचे ‘कोट ऑफ मेनी कलर्स’ (१९७१) चिंध्या जोडून आईने शिवलेल्या एका अंगरख्याभोवती फिरते; या गाण्यांवर कोणतीही वाद्ये घातली तरी त्यांचा गाव पुसला जात नाही. याउलट, तीन पेहराव सहज चढावेत म्हणून ‘अप!’मधील गाण्यांना अंगाचा ठसठशीत आकारच ठेवलेला नाही: त्यांतील प्रेम, उमेद आणि खेळकर रुसवेफुगवे कोणत्याही शहरात, कोणाच्याही बाबतीत घडू शकतात. खाणीचे गाव, उपाशी बालपण, एकाच दिवशी हरपलेले आईवडील अशी अस्सल कंट्रीची शिदोरी जिच्यापाशी होती, तिच्या विक्रमी खपाच्या गाण्यांत टिमिन्स जवळजवळ नाहीच, हा या कारकिर्दीतील विरोधाभास आहे. मात्र ज्या वस्तीत बालपण सोसावे लागले, तिचे गाणे करणे हे प्रत्येक कलावंतावरचे ऋण मानणेही न्याय्य ठरणार नाही. दारिद्र्यातून सुटलेल्या माणसाने त्याचा उल्लेख टाळणे हाही एक प्रामाणिक निर्णय असू शकतो.

अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात ८ लाख ७० हजारांहून अधिक प्रती खपलेल्या ‘अप!’नंतर मात्र तिचा पुढचा नवा स्टुडिओ अल्बम यायला १५ वर्षे लागली. गोचिडीच्या दंशाने होणाऱ्या लाइम रोगाने स्वररज्जूंच्या मज्जातंतूंना इजा पोहोचली, लँगशी घटस्फोट झाला आणि २०१७मध्ये ‘नाऊ’ आला, तो लँगविना. त्यातील सर्व गाणी एकट्या ट्वेनने लिहिलेली असून विच्छेदाची सल त्यांत आडपडदा न ठेवता व्यक्त होते, आणि पूर्वीचा चमकदार आवाज येथे खालच्या पट्टीत, किंचित खरबरीत झालेला आढळतो. एके काळी वाद्ये हवी तशी अदलाबदल करता आली, कारण आवाज हा गृहीत धरलेला, अढळ घटक होता. तोच डळमळल्यावर त्याच्या जागी बसवण्यासाठी दुसऱ्या रंगाची तबकडी कोणापाशीही नव्हती. बदललेला हा गळा मात्र आपल्यावर काय गुजरले ते शब्दांवाचूनही सांगतो, आणि ‘नाऊ’चा साज बव्हंशी पॉपचाच असला, तरी पेहरावाने न झाकला जाणारा कंट्रीचा अंश या गायिकेच्या ध्वनिमुद्रणांत प्रथम तेथेच ठळकपणे ऐकू येतो.