तीन वर्षांत तीन सामने

अमेरिकी फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू असतो. चेंडू हातात आला की तो कुणाकडे फेकायचा, की फेकायचाच नाही, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तिकडच्या विद्यापीठांत या जागेवर खेळणाऱ्या पोराभोवती आता पैसा घोंघावतो. २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली आणि २०२५पासून विद्यापीठं त्यांना थेट मोबदलाही देऊ लागली. त्या डॉलरांचा हेवा करण्यात अर्थ नाही. हेवा करावा असं त्या व्यवस्थेत दुसरंच काही आहे. तिथला मोठा कॉलेज संघ एका हंगामात १२ सामने खेळतो आणि पहिले चार हरला म्हणून कुणी त्याला घरी पाठवत नाही. आपल्याकडे, अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर, पातूर, तेल्हारा इथल्या कॉलेजांत कबड्डी किंवा व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरापोरींची खरी उपासमार आहे ती सामन्यांची.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. हिशेब सोपा आहे. ३२ संघ उतरले तर एकूण सामने ३१, त्यातले १६ संघ एका सामन्यात गारद आणि दोन सामन्यांच्या पुढे मजल मारणारे फक्त आठ. लहान कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत तगड्या संघापुढे येतो, चाळीस मिनिटांत हरतो आणि बॅगा भरतो. तीन वर्षं असंच झालं तर पदवी हातात पडेपर्यंत त्या पोराच्या नावावर जेमतेम तीन सामने. एवढ्यावर तो चांगला की वाईट हे त्याला स्वतःलाही कळत नाही, मग निवड समितीला काय कळणार? जिंकत जाणाऱ्यांनाच आणखी खेळायला मिळतं. ज्यांना सरावाची जास्त गरज, ते मात्र प्रेक्षकांत बसतात.

उशिरा पिकणारे खेळाडू या पद्धतीत हमखास निसटतात. अमेरिकेत मात्र ते टिकून राहतात. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी मिशिगन विद्यापीठात आला तेव्हा आपल्याच संघाच्या रांगेत बराच मागे होता. २०००च्या व्यावसायिक निवडीत त्याचं नाव पुकारलं गेलं ते १९९व्या क्रमांकावर. त्यानं पुढे सात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक लीगचे अंतिम सामने, जिंकले. दुसरा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी आयोवा स्टेट विद्यापीठाकडून चार हंगाम खेळला आणि २०२२च्या निवडीत सगळ्यात शेवटचा, म्हणजे २६२वा, ठरला. दुसऱ्याच हंगामात त्यानं आपला संघ सुपर बोलपर्यंत नेला. दोघांच्याही गाठीशी कॉलेजचे सामने होते. पारखणाऱ्यांचे अंदाज तिथेही चुकले, पण चूक उघडी पडेपर्यंत पोरं खेळत राहिली होती.

यावर कुणी म्हणेल की कॉलेजांवाचून काही अडत नाही, विदर्भाच्या क्रिकेटकडे बघा. मुद्दा वजनदार आहे. २०१७-१८ मध्ये विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं थेट अंतिम सामन्यात पदार्पण केलं होतं. अकोल्याचाच अथर्व तायडे आणि अमरावतीचा जितेश शर्मा आयपीएलपर्यंत पोचले. पण ही शिडी बांधली क्रिकेट संघटनेनं. वयोगटांचे सामने, अकादमी, निवड, मानधन, सगळं तिच्याकडे आहे. कबड्डी, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स यांच्या पाठीशी एवढी श्रीमंत संघटना नाही. तालुक्याच्या पोराला तिथे कॉलेजचाच आधार, आणि त्याच्या बहिणीला तर त्याहून जास्त. प्रशिक्षकच नाहीत, ही सबब वऱ्हाडानं तरी सांगू नये. व्यायामाचे शिक्षक घडवणारं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, त्याच्या पथकानं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवली होती.

दुसरा आक्षेप कास्तकार आईबापांचा आहे आणि तो रास्त आहे. खेळून पोट भरतं का? सरकारी उत्तर ठरलेलं: नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. मात्र ते मिळतं पदकाच्या प्रमाणपत्रावर, त्यामुळे मैदानापेक्षा कागद मोठा झाला. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात उगाच उघडकीला आली नाहीत. आईबापांना खोटी आशा दाखवू नये. अमेरिकेतही कॉलेज फुटबॉलपटूंपैकी व्यावसायिक होणारे शंभरात दोनही नसतात. बाकीच्यांनी ती वर्षं फुकट घालवली असं तिथे कुणी मानत नाही, कारण ते खरोखर खेळलेले असतात. शिवाय कुणाला पुढे खेळ शिकवायचा असेल, पोलीस भरतीत उतरायचं असेल, तर दहा सामने खेळलेलं शरीर तीन सामने खेळलेल्या शरीरापेक्षा तयार असतंच.

अकोला शहर वगळलं तर जिल्ह्यात अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी आणि मूर्तिजापूर अशी तालुक्याची सहा गावं उरतात. प्रत्येक गावचा एक संघ धरून साखळी लावली, एकदा घरच्या आणि एकदा दुसऱ्याच्या मैदानावर, तर प्रत्येकाला दहा सामने मिळतात आणि सगळे मिळून होतात तीस. हिवाळी परीक्षा उरकल्यावर, फेब्रुवारीअखेरपर्यंत, रविवारी दुपारी ते बसवता येतील. तुरीची सोंगणी असलेल्या आठवड्यात सुट्टी द्यावी; तसंही बाहेरगावच्या मैदानावर प्रत्येकाला पाचदाच जायचं आहे. मुलींचे सामने दुपारीच संपले तर घरी पोचायला अंधार होत नाही, आणि एसटीत त्यांना निम्मंच तिकीट पडतं. नव्या अभ्यासक्रमात क्रीडा विषयाला श्रेयांकही आहेत, ते हजेरीपटावर वाटण्यापेक्षा या सामन्यांना द्यावेत. उरला खर्च: गाडीभाडं, पंचांचं मानधन, चेंडू, मैदानावरचा चुना. कॉलेजं विद्यार्थ्यांकडून क्रीडा शुल्क घेतातच. त्यातलं या तीस सामन्यांसाठी किती काढता येईल, हे प्राचार्यांनी आणि शारीरिक शिक्षण संचालकांनी पुढचं सत्र सुरू व्हायच्या आत एकत्र बसून मांडावं.