शिळा ठिपका

जुहूच्या विमानतळावरून ओएनजीसीचे कामगार आणि अभियंते हेलिकॉप्टरने मुंबई हायला जातात. अंतर सुमारे १६० किलोमीटर. त्यांच्या आरोग्याची चर्चा होते ती आग, वायू आणि यंत्रांच्या आवाजाबद्दल. कामावर जाण्यायेण्याच्या प्रवासाबद्दल क्वचितच. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेल्या पवनहंस हेलिकॉप्टरचा संपर्क काही मिनिटांतच तुटला आणि त्यातील सातही जण दगावले. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले; नऊपैकी चौघे गेले. आपल्या समुद्रात गारठून मरण्याची भीती युरोपाइतकी नसते. पण बुडणाऱ्याकडे मिनिटेच असतात, आणि शोध नेमका कुठे घ्यायचा हे ठरवण्यातच ती खर्च होतात.

रडारची अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. समुद्रावर ३०० मीटर उंचीने उडणारे हेलिकॉप्टर किनाऱ्यावरच्या रडारच्या दृष्टीने शंभरेक किलोमीटरवरच क्षितिजाखाली जाते. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने यावर उपाय म्हणून तेलाच्या फलाटांवरच रिसीव्हर बसवले. हेलिकॉप्टर स्वतःचे स्थान प्रसारित करते आणि फलाट ते टिपून किनाऱ्याकडे पाठवतात. २००९च्या अखेरीस ही सोय ह्यूस्टनच्या नियंत्रकांना मिळाली.

टिपलेली माहिती नियंत्रक, तटरक्षक दल, कंपनीचा तळ अशा अनेकांना एकाच वेळी हवी असते. प्रत्येकासाठी वेगळी तार ओढण्यापेक्षा मध्ये ‘मिडलवेअर’ नावाचे सॉफ्टवेअर ठेवतात. ते पेपरवाल्यासारखे काम करते: वर्गणी ज्याची, त्याच्या दारात अंक. २००४ साली आलेले ‘डेटा डिस्ट्रिब्युशन सर्व्हिस’ हे मानक त्यापुढे जाते. माहिती किती वेळात यायलाच हवी आणि किती वेळानंतर ती रद्दीत टाकायची, हेही त्यात आधी ठरवता येते. मुदत चुकली की ग्राहकाला इशारा मिळतो.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व अतिदक्षता विभागातल्या कुठल्याही परिचारिकेला सांगावे लागणार नाही. मॉनिटर बंद पडला तर ती धावत येते. पण ९८ हा आकडा पडद्यावर गोठून राहिला तर रुग्ण निळा पडेपर्यंत कोणी वळूनही पाहत नाही. रडारच्या पडद्यावरचा शिळा ठिपका याच जातीचा.

जाळे तुटले की माणसांचे काय होते, तेही दिसले आहे. नेवार्कची विमाने फिलाडेल्फियातून हाताळली जात होती आणि रडारची माहिती न्यूयॉर्ककडून तारेने येत होती. २८ एप्रिल २०२५ रोजी सुमारे ९० सेकंद पडदे आणि रेडिओ दोन्ही गेले. त्यानंतर काही नियंत्रकांनी मानसिक आघातामुळे रजा घेतली. त्याला नाजूकपणा म्हणणाऱ्याने तेवढा वेळ घड्याळ लावून बसून पाहावे.

मुंबईच्या समुद्रासाठी अशी यंत्रणा घेताना रिसीव्हर किती बसवले, याचेच आकडे सहसा पुढे येतात. विचारायला हवे ते वेगळे: चालू यंत्रणेची एक तार मुद्दाम काढली, तर किती सेकंदांनी पडदा ‘माहिती जुनी आहे’ असे सांगतो, आणि तो इशारा पहाटे तीन वाजता कोणाच्या टेबलावर वाजतो?