मदतकर्त्याचा धर्म नव्हे, मदतीची रीत तपासा

आपत्तीनंतर चर्चचे स्वयंसेवक गावात दिसले की एक आक्षेप हमखास निघतो : ही मंडळी घरं उभी करायला नव्हे, माणसं बाटवायला आली आहेत. सप्टेंबर 2025 च्या पुरात परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठची शेतं खरवडून गेली, घरांत चिखल साचला. अशा वेळी गावाने कुणाची मदत घ्यावी, हा प्रश्न चावडीवरच्या वादापुरता राहत नाही.

आक्षेप निराधार नाही. 1876-77 च्या दुष्काळानंतर नगर भागात मिशनकडे वळणाऱ्यांची रीघ लागली होती आणि भुकेपोटी झालेल्या धर्मांतराबद्दल शंका घेणं रास्तच आहे. पण आजचा निवाडा करायचा तर किल्लारी तपासावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादेत सुमारे आठ हजार माणसं दगावली. मदतीला 'कासा', कॅरिटास आणि मुक्तिफौज या ख्रिस्ती संस्था होत्या, तशा जनकल्याण समिती, ज्ञानप्रबोधिनी आणि भारतीय जैन संघटनाही होत्या. अठरा वर्षांनंतरच्या, 2011 च्या जनगणनेत लातूर, उस्मानाबाद वा परभणी, एकाही जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. घराच्या मोबदल्यात धर्म घेतला असता, तर तो या आकड्यांत दिसला असता. परकीय पैशाचं म्हणाल, तर त्यासाठी 2010 चा कायदा आहे. हिशेबात खोट असेल तिथे सरकारने जरूर कारवाई करावी.

किल्लारीत चूक झाली ती वेगळीच, आणि तिच्यावर कुणी ओरडत नाही. बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, आखीव चौकोन, शहरी घरं. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, चूल कुठे मांडायची, हे अनेक ठिकाणी घरच्या बाईला विचारलंच नाही. लोकांनी मग पुढे पत्रे टाकून आपापला गोठा आणि स्वयंपाकघर उभं केलं. उलट, दुरुस्तीच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावातल्या बायकांना संवाद सहायक नेमलं, तिथे बायका भिंतीच्या बांधकामावर स्वतः लक्ष ठेवू लागल्या. आपल्याकडच्या दगडमातीच्या भिंतीला आतून-बाहेरून दोन थर असतात. दोन्हींना सांधणारा आरपार दगड नसला की हादऱ्याने ती फुगते, फुटते, आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर येतं. अशी घरं परभणीतही आहेत. 21 मार्च 2024 ला हिंगोलीकडचा 4.5 रिश्टरचा धक्का इथेही जाणवला होता.

रेडक्रॉस आणि मदतसंस्थांची 1994 ची आचारसंहिता आहे. कॅरिटास आणि जागतिक चर्च परिषद तिच्या पुरस्कर्त्यांतच आहेत. तिचं तिसरं कलम धर्मप्रसारासाठी मदत वापरायला मनाई करतं. सातवं कलम मदतीच्या कारभारात आपद्ग्रस्तांना सहभाग द्यायला सांगतं. तिसऱ्यावर आपण रान उठवतो, सातव्याचं नावही घेत नाही. माझ्या मते घर सातव्यानेच टिकतं.

म्हणून गोदाकाठच्या ग्रामपंचायतींना विनंती आहे. चर्च असो, देवस्थान असो वा जमात, मदतीला आलेल्या प्रत्येकाकडून लाभार्थ्यांची यादी आणि घराचा नकाशा ग्रामसभेत, बायकांसमोर वाचून घ्या. प्रार्थनेची अट कुणी घातली तर त्याला वेशीवरूनच परत पाठवा. अट न घालता घमेलं उचलणाऱ्याला कामाला लावा.