चिठ्ठी सरकारी, भुर्दंड रुग्णाचा

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सुमारे चोवीसशे संस्थांना हा निर्णय लागू झाला. केसपेपरचे पैसे घेणेही बंद झाले. निर्णय स्वागतार्ह होता, आणि केवळ विरोधकांच्या बाकावर बसलो म्हणून त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु शुल्क माफ होणे ही एक गोष्ट आणि औषध हाती पडणे ही दुसरी. पहिलीसाठी एक शासकीय आदेश पुरतो. दुसरीसाठी पैसा, गोदामे, तपासणीची यंत्रणा आणि राजकीय निर्धार लागतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध प्रत्येकाला विनामूल्य मिळावे काय, या प्रश्नाचा विचार या दुसऱ्या गोष्टीपासून सुरू केला पाहिजे.

बारामती तालुक्यातील लोणी भापकर या गावाचे उदाहरण घेऊ. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारा बागाईत पट्टा आणि पावसाच्या भरवशावर जगणारा जिराईत पट्टा, असे या तालुक्याचे दोन भाग आहेत. लोणी भापकर जिराईत भागात मोडते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. समजा, तेथील एखाद्या शेतमजूर बाईला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही जडले. केंद्रात तपासणी फुकट झाली, डॉक्टरांनी औषध लिहिले, पण औषध शिल्लक नाही म्हणून चिठ्ठीवर ‘बाहेरून घ्यावे’ असा शेरा आला. मेडिकलच्या दुकानात ती महिन्याच्या गोळ्या मागत नाही. हाती आलेल्या मजुरीत बसतील तेवढ्याच मागते आणि दुकानदार कात्रीने पट्टी कापून आठ गोळ्या देतो. आठ दिवसांनी मजुरी मिळाली नाही तर गोळी बंद. रक्तदाबाचा आजार दुखत नाही, त्यामुळे बंद झालेल्या गोळीची आठवण होते ती अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

हे चित्र एखाद्या गावापुरते नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१४ मधील ७१ व्या फेरीत असे आढळले की, रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर ग्रामीण कुटुंबे जो वैद्यकीय खर्च करतात, त्यातला सुमारे ७२ टक्के केवळ औषधांवर जातो. शहरांत हे प्रमाण ६८ टक्के होते. म्हणजे गरिबाला लुबाडतो तो प्रामुख्याने डॉक्टरांच्या तपासणीचा खर्च नव्हे, औषधाचा खर्च. एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आल्याचे केंद्र सरकारचे आरोग्यलेखे सांगतात. ते मान्य केले तरी, शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी माणूस आजारपणातच उभे करतो, ही कोणत्याही कल्याणकारी राज्याला शोभणारी स्थिती नाही.

यावर सरकारचे उत्तर विम्याचे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयाने पाच लाख रुपयांपर्यंत वाढवले गेले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ते देऊ करण्यात आले. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. याचा अर्थ असा की, त्या शेतमजूर बाईला झटका आला तर तिच्या उपचारासाठी लाखो रुपये देण्याची शासनाची तयारी आहे. पण झटका येऊ नये म्हणून रोज लागणाऱ्या स्वस्त गोळीची हमी मात्र नाही. अर्थशास्त्राच्या कोणत्याही हिशेबात हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरतो. त्याचा लाभ मोठ्या खासगी रुग्णालयांना होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

‘सर्वांना’ या शब्दावर अनेक सज्जनांचा आक्षेप असतो. साखर कारखान्याच्या संचालकालाही गोळी फुकट द्यायची काय, असे विचारले जाते. उत्तर ‘होय’ असेच आहे. श्रीमंताकडून घ्यायचे ते करवसुलीच्या वेळी घ्यावे, आजारपणाच्या दारात नव्हे. गरीब निवडण्यासाठी दाखले, शिधापत्रिकांचे रंग आणि उत्पन्नाच्या मर्यादा आल्या की, त्या चाळणीतून पहिला गळतो तो खरा गरीब. ऊसतोडीला परगावी गेलेल्या मजुराजवळ कागद नसतो. संचालकाजवळ सर्व कागद असतात. शिवाय ज्या सेवेत फक्त गरीबच येतात, तिची दुर्दशा झाली तरी सत्ताधाऱ्यांची झोप मोडत नाही. जिल्हा परिषदेच्या सदस्याची आई ज्या खिडकीतून औषध नेईल, ती खिडकी रिकामी राहणार नाही.

आणि हे नवे काहीच नाही. क्षयाची औषधे या देशात सरकारी कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. एड्सच्या विषाणूवरील औषधे सरकारी केंद्रांतून विनामूल्य देण्यास १ एप्रिल २००४ पासून सुरुवात झाली. लस टोचताना बाळाच्या बापाची जमीन किती, असे कोणी विचारत नाही. जे तत्त्व क्षयाला लागू, ते मधुमेहाला, दम्याला आणि फेफऱ्याला का नाही?

दुसरा आक्षेप असा की, फुकट मिळाले की नासाडी होते. साखर फुकट मिळाली तर माणूस जास्त खाईल. पण रक्तदाबाची गोळी कोणी चवीने खात नाही. ती डॉक्टर लिहून देतो तेवढीच लागते. ब्रिटनचा अनुभव येथे उपयोगी आहे. ५ जुलै १९४८ रोजी तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा औषधे विनामूल्य होती. दात आणि चष्मे यांवर शुल्क लावण्याचे ठरताच अन्युरिन बेव्हन यांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढच्याच वर्षी औषधांच्या चिठ्ठीवरही शुल्क आले. १९६५ मध्ये मजूर सरकारने ते रद्द केले आणि १९६८ मध्ये त्याच सरकारने ते परत लावले. पुढे वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये ते पूर्णपणे काढून टाकले. इंग्लंडमध्ये शुल्क उरले. पण तेथेही इतक्या सवलती द्याव्या लागल्या की दर दहांतील सुमारे नऊ औषधे विनामूल्यच दिली जातात. एवढ्या सवलतींचा कारभार सांभाळून शेवटी उरलेल्या एकासाठी शुल्क ठेवायचे, यात शहाणपण कोणते?

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११ मध्येच त्याचे उत्तर दिले होते. औषधांच्या सार्वजनिक खरेदीवरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यापर्यंत नेला तर आवश्यक औषधे सर्वांपर्यंत पोहोचवता येतील, असा त्यांचा हिशेब होता. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत अडीच टक्के करण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले गेले. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. म्हणजे हा खर्च न पेलणारा आहे असे नाही. तो करण्याची इच्छा नाही.

तथापि केवळ पैशाने काम भागत नाही, हे महाराष्ट्राने स्वतःच दाखवून दिले. २०१७ मध्ये औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटण्यात आली. खरेदी रखडत गेली, तक्रारी वाढल्या आणि अखेर २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण नेमावे लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा नव्हता असे प्रशासनाने सांगितले. परंतु उच्च न्यायालयाला या मृत्यूंची स्वतःहून दखल घ्यावी लागली. २०२४ मध्ये नागपूर ग्रामीण पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रातील आरोप तर याहून भयंकर आहे: सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होते. रिकाम्या मांडणीपेक्षा बनावट गोळी अधिक घातक, कारण ती घेणारा रुग्ण आपल्यावर उपचार चालू आहेत अशा समजुतीत राहतो.

याच्या उलट तामिळनाडूचे उदाहरण पाहावे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या तेथील वैद्यकीय सेवा महामंडळाने जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली. प्रत्येक दवाखान्याला पासबुक दिले. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली असते आणि तेवढ्याचे औषध तो गरजेप्रमाणे उचलतो. मुंबईत बसून लोणी भापकरची गरज ठरवण्याऐवजी लोणी भापकरच्या डॉक्टरांनी ती ठरवायची, असा त्याचा अर्थ. औषध प्रयोगशाळेत तपासल्यावाचून वाटपाला जात नाही. राजस्थानने हीच पद्धत डोळ्यांपुढे ठेवून २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. राजस्थान महाराष्ट्रापेक्षा श्रीमंत आहे, असे कोणी म्हणणार नाही.

या प्रश्नाचे मूळ उत्पादनात आहे, आणि समाजवाद्यांनी ते नजरेआड करता कामा नये. पुणे जिल्ह्यातच पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन या देशात सरकारी कारखान्यात होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. हॅमायसिनसारखे बुरशीवरचे औषध तेथील संशोधकांनी शोधले. पुढे तो कारखाना तोट्यात रुतू दिला गेला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्याची जमीन विकून देणी भागवण्याचा मार्ग धरला. हाथी समितीने १९७५ मध्ये आवश्यक औषधांची यादी दिली आणि व्यापारी नावे क्रमाक्रमाने बंद करण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली यादी त्यानंतर दोन वर्षांनी आली. १९७९ च्या आदेशाने ३४७ मूळ औषधांच्या किमती नियंत्रणाखाली होत्या. १९८७ मध्ये ती संख्या १४२ वर आणि १९९५ मध्ये ७४ वर घसरली. २०१३ च्या आदेशाने आवश्यक यादीतील औषधे नियंत्रणात आली खरी, पण कमाल किंमत उत्पादनखर्चावरून नव्हे, बाजारातील किमतींच्या सरासरीवरून ठरू लागली. चढ्या किमतींची सरासरी चढीच राहणार. कारखान्यात तयार होणाऱ्या मालाची किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये, अशी डॉ. राममनोहर लोहियांची मागणी होती. ती औषधांना जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाही नाही.

तेव्हा मागणी नेमकी असली पाहिजे. औषधाचा हक्क कायद्यात यावा. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ठरलेल्या यादीतील औषध शिल्लक नसेल, तर ते बाहेरून आणून देण्याची जबाबदारी केंद्राची असावी आणि त्याचे बिल शासनाने भरावे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये २०२३ च्या निर्णयात नव्हती. तेथेही औषध विनामूल्य व्हावे, कारण बारामतीच्या कोणत्या इमारतीवर कोणत्या खात्याची पाटी आहे हे रुग्णाने का ओळखावे? नोंदणीकृत खासगी डॉक्टरने मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठीही पुढच्या टप्प्यात सरकारी खिडकीवर चालावी.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात धरून बसू नये. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले आहे. तो अनुभव जवळ आहे. गावोगावच्या केंद्रात जाऊन औषधसाठ्याचा फलक रोज लिहिला जातो की नाही हे पाहावे. ‘बाहेरून घ्यावे’ असा शेरा मारलेल्या चिठ्ठ्यांच्या प्रती महिनाभर जमवाव्यात, त्या ग्रामसभेत वाचाव्यात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात. भाषणातील आकड्यांपेक्षा अशा शंभर चिठ्ठ्यांचे वजन अधिक असते. त्या पुढे ठेवल्यावर औषध मोफत आहे असे म्हणणाऱ्या मंत्र्याला मागील बिलांचा हिशेबही द्यावा लागेल.