आधी मळा, मग पेला

मंडळी, मुलीने सांतोरिनीचा बेत पाठवलाय. एका दिवसात पाच वाइनरी! माझं मत, दोन पुरेत. आणि आधी मळा दाखवा. तिथे वेल मांडवावर चढवत नाहीत. वाऱ्यापासून जपायला जमिनीलगत टोपलीसारखा वळवतात, द्राक्षं आत वाढतात. (नाशिकचे मांडव पाहिलेल्या मला याचंच अप्रूप!) माती ज्वालामुखीची, पाऊस नावाला. तोडणी ऑगस्टात, पण ते ऊन मला झेपायचं नाही, मे बरा. आसिर्तिकोची पांढरी वाइन आणि सुकवलेल्या द्राक्षांची गोड विनसांतो, दोन्ही घोटभर चाखणार. "या वयात दारू?" असं नातेवाइकांनी खुशाल विचारावं. गुडघे चालताहेत तोवर जायचंय... शिवाय पर्यटकांच्या हॉटेलांपायी तिथले मळेही आक्रसताहेत.